वांधेकाकांनी कापलेला स्कूप

वांधेकाकांचं खरं आडनाव वांधे नव्हतं. पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते सुट्या भागांची तपासणी करत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही भाग वांधा न निघता पुढे गेला नाही, असं तिथले लोक सांगत. हे खोटं आहे. निर्दोष भागही जायचे. फक्त ते जाताना काकांचा चेहरा पडायचा. निवृत्तीच्या दिवशी हे नाव घड्याळाच्या खोक्यासोबत घरी आलं आणि शेजारीपाजारीही त्यांना वांधेकाका म्हणायला लागले. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाव तपासून घेतलं होतं म्हणे.

घरात मात्र काकांचं तपासणी खातं चालत नसे. तिथे काकूंचं राज्य, आणि त्या राज्याची राजधानी म्हणजे फ्रीजरमधला एक चौकोनी स्टीलचा डबा. दर रविवारी लेक, जावई आणि सात वर्षांची नात जेवायला यायची. जेवणं झाली की काकू तो डबा काढायच्या. आत त्यांच्या हातचं भाजलेल्या बदामांचं आइस्क्रीम असायचं, घरचं असल्यामुळे दगडासारखं घट्ट. त्या डब्याला दुसऱ्या कोणी चमचा लावायचा नाही, असा दंडकच होता. जावयाला कडेचं बर्फाळ आवडतं, लेकीला मधलं मऊ लागतं, नातीला बदाम दाताखाली आलेला चालत नाही. हे सगळं काकूंच्या मनगटाला ठाऊक होतं. कोणाला कुठलं आणि किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि कधी चुकलंही नाही.

तीन महिन्यांपूर्वी त्या स्टुलावरून पडल्या आणि तेच मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. प्लास्टर निघालं, टाके सुकले, पण हातात जोर येईना. तरीही मागच्या रविवारी त्यांनी हट्टाने डबा काढला. चमचा आइस्क्रीममध्ये अर्धा बोटभर गेला आणि तिथेच अडकला. हात थरथरायला लागला. जावई भला माणूस, तो चटकन उठून म्हणाला, "आई, द्या इकडे, मी काढतो." त्याने दोन्ही हातांनी जोर लावून दोन चमचे वाकवले, आणि तिसऱ्या चमच्याने उडालेला ठोकळा थेट शोकेसच्या काचेवर जाऊन आदळला. सगळे हसले. काकूही हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा घासला, पुसला आणि कपाटाच्या डोक्यावर पालथा ठेवून दिला. "यापुढे कपातलं आणत जा," त्या म्हणाल्या. "तेच बरं पडतं."

माणसांनी आडून बोललेलं कळणं हा काही काकांचा प्रांत नव्हता, पण हे त्यांना कळलं. गेले तीन महिने ते बघत होते. काकूंनी आधी कुंड्यांमधली माती उकरणं सोडलं. मग शिवणयंत्रावर चादर घातली. ते ठीक होतं, हात दुखायचा. पण त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडंही सोडून दिलं, आणि कोडं सोडवायला काय मनगट लागतं? बाई जणू घरातली एकेक खोली कुलूप लावून बंद करत चालल्या होत्या. आता ही शेवटची. काकांना भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वांधा समोर दिसत होता आणि तो भाग बदलून मागवता येणार नव्हता.

म्हणून मंगळवारी सकाळी काकू हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्यावर काका भांड्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा आणि त्याहून जाड आवाज. काकांनी आइस्क्रीमचा स्कूप मागितला तेव्हा त्यांनी सहज चार नग काउंटरवर टाकले. आपण कोणाला माल दाखवतोय हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

पहिला होता दाबायचा. मूठ दाबली की आतली पातळ पट्टी फिरून गोळा सोडवते. काका तो तिथेच उभे राहून दाबायला लागले. टकटक, टकटक. बाईंनी दोन गिऱ्हाइकं केली, एका कुकरची शिट्टी बदलून दिली, तरी टकटक चालूच.

"काका, काय करताय?"

"दोनशे वेळा दाबतोय. घरातलं वर्षभराचं काम झालं."

एकशे चौसष्टाव्या दाबाला पट्टी तिरकी होऊन बसली ती बसली. काकांनी समाधानाने स्कूप बाजूला ठेवला. दुसऱ्याची मूठ पोकळ पत्र्याची होती आणि वाटी तिला दोन ठिपक्यांत डकवलेली. काकांनी नुसती नखाने टिचकी मारली आणि "इथून निखळणार" असं भाकीत केलं. तिसऱ्याचा चकचकीत मुलामा कडेला आत्ताच फुगलेला होता.

"हा मुलामा पोटात जाणार कोणाच्या? माझ्या नातीच्या."

"काका, लग्नाला मुलगी बघायला आलाय का स्कूप घ्यायला?" बाई म्हणाल्या.

"मुलगी बघताना एवढं बघितलं नव्हतं," काका म्हणाले. "तिथे नशीब चांगलं होतं."

चौथा मात्र त्यांनी हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मळकट रुपेरी रंगाचा, एकसंध ओतलेला. सांधा नाही, स्प्रिंग नाही, खिळा नाही, हलणारं काहीच नाही. जाड गोल मूठ आणि पुढे उथळ वाटी. जे हलत नाही ते बिघडणार कसं? मुठीच्या बुडाला फक्त एक बारीक बूच होतं.

"हे कशाला?"

"मूठ आतून पोकळ आहे, तिच्यात पाणी भरलंय. साधं नव्हे, न गोठणारं. ते हाताची ऊब घेतं आणि पुढे वाटीत नेऊन पोचवतं. जोर लावावाच लागत नाही. फक्त उकळत्या पाण्यात टाकू नका, बाकी तुम्ही-आम्ही जाऊ, हा राहील."

काकांनी भुवई वर केली. हाताची ऊब पुढे नेतं म्हणे! पण एकसंध ओतकाम बघून त्यांचा जीव त्या स्कूपवर जडला होता. "एकच शिल्लक आहे," बाई म्हणाल्या. काकांनी तो घेतला.

घरी आल्यावर सरळ काकूंच्या हातात द्यायचा ना? नाही. तपासल्याशिवाय वस्तू पुढे पाठवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. आणि यात नुसती खोड नव्हती. काकूंनी तो हातात घेतला, तोही आइस्क्रीममध्ये अडकला आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसा झाला, तर? ते काकांना बघवलं नसतं. त्यांनी गुपचूप दूध-साखर एका वाडग्यात घालून फ्रीजरच्या तळाशी, मटारांच्या मागे लपवली. बुधवारी काकू पुन्हा दवाखान्यात गेल्या तेव्हा त्याचा दगड झाला होता.

काकांनी स्वयंपाकघराचं दार लावलं. ओटा पुसला. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून दोन्ही हातांत घातले. मग स्कूप धरून पूर्ण पाच मिनिटं घड्याळ बघत उभे राहिले आणि वाटीची कड दुधाच्या दगडावर टेकवली.

कड खरखरत पुढे गेली आणि थांबली. काकांनी पुन्हा केलं. चार वेळा केलं, कारण एका मोजमापावर विश्वास ठेवायचा नसतो. चारही वेळा तेच. दगडावर चार ओरखडे, बस्स.

"वाटलंच," काका पुटपुटले. आता या जागी दुसरा माणूस असता तर त्याने दुकानात जाऊन भांडण केलं असतं आणि विषय संपवला असता. पण पुराव्याशिवाय भांडणं काकांना कमीपणाचं वाटे. आत काहीच नाही, हे सिद्ध करायला हवं होतं. बुडाचं बूच काही केल्या फिरेना, तेव्हा त्यांनी बाल्कनीतल्या व्हाइसच्या जबड्यात स्कूप आवळला, लोखंड कापायची करवत काढली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

मूठ थोडी कापून झाली तेव्हा करवतीचं पातं ओलं झालं. काका थबकले. कापातून पाणी टपकत होतं. त्यांनी घाईने खाली बशी धरली आणि थेंब थेंब जमा केलं. तीन-चार चमचे भरतील एवढं, स्वच्छ, बिनवासाचं. उरलेली मूठ कापून झाल्यावर त्यांनी आत डोकावून पाहिलं. भिंत सगळीकडून सारख्या जाडीची. ओतकामात एक फोड नाही, एक चीर नाही. चौतीस वर्षांत असं ओतकाम त्यांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलं होतं, आणि ते आपण आत्ता करवतीने कापलं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. काका बाल्कनीत मांडी घालून बसले आणि त्या बशीकडे बघत राहिले.

दुपारी ते दोन तुकडे आणि बशीतलं पाणी भरलेली औषधाची बाटली घेऊन दुकानात गेले.

बाईंनी तुकडे पाहिले, काकांकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "परत घेणार नाही हं," त्या एवढंच म्हणाल्या.

"परत द्यायला नाही आलो. चूक माझी. पण बाई, तो चालत नव्हता. पाच मिनिटं धरला होता. चार वेळा."

"कसा धरला होता?"

काकांनी दाखवलं. म्हणजे आधी खिशातून हातमोजे काढले, नीट बोटं बसवून घातले आणि मग तुकडा धरला.

बाईंनी मोज्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "काका, हे मोजे कशाला?"

"कशाला म्हणजे? हाताची ऊब लागू नये म्हणून!" काका म्हणाले, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच त्यांचा आवाज बारीक होत गेला.

चौतीस वर्षं! कारखान्यातली मोजमापाची खोली मुद्दाम गार ठेवलेली असायची. उघड्या हाताने पट्टी धरली की हाताच्या उबेने धातू केसाच्या कितव्या तरी भागाइतका फुगतो आणि माप खोटं येतं. काकांनी किती नवशिक्यांना त्यावरून फैलावर घेतलं होतं. हाताची ऊब म्हणजे चूक. हाताची ऊब म्हणजे घाण. तिला खोलीबाहेर ठेवायचं. आणि तीच ऊब कोणी तरी धरून, मुठीत कोंडून, कामाला लावली होती, आणि आपण तिला मोजे घालून अडवून ठेवलं!

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या शेजारच्या हॉटेलातून वाटीभर बर्फ घेऊन आल्या आणि काउंटरखालच्या आपल्या पिशवीतून एक स्कूप काढला. अगदी तसाच, फक्त जुना. रंग राखाडी झालेला, आणि मुठीवर जिथे अंगठा टेकतो तिथली जागा घासून घासून आरशासारखी झालेली. "हा माझ्या घरचा. काल तुम्ही माझ्या मालावर भुवई वर केलीत ना, म्हणून पुन्हा आलात तर दाखवायला आणून ठेवला होता. बावीस वर्षं वापरतेय. धरा. उघड्या हाताने."

काकांनी धरला. आधी तो गार लागला, आणि मग लागेनासा झाला. त्यांनी कड बर्फाच्या मोठ्या खड्यावर नुसती टेकवली. जोर नाही, काही नाही. कडेखाली पाणी चमकलं आणि कड आत रुतायला लागली. काका वाकून बघत होते. त्यांच्या तळव्यातून काही तरी निघत होतं, मुठीतल्या त्या चार चमचे पाण्यातून चालत जात होतं आणि समोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, बर्फ कापत होतं. आणि त्यांना स्वतःला काही करावंच लागत नव्हतं. फक्त धरून राहायचं.

"माणसाच्या अंगात एवढं असतं?" त्यांनी विचारलं.

"असतं की," बाई म्हणाल्या. "आता नवा माल यायला महिना लागेल. रविवारपर्यंत हवाय ना? हा न्या. नवा आला की परत करा. पण काका, करवत लावलीत तर दुकानाची पायरी चढू नका."

घरी जाऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, फ्रीजरमध्ये मटारांमागे पुरावा होता. काकूंनी दोन तुकडे हातात घेऊन आतली पोकळी बघितली, बाटली उजेडात धरली. मग मोज्यांचा प्रसंग आला.

"मोजे घालून?" काकू म्हणाल्या.

"हो."

"पाच मिनिटं?"

"चार वेळा."

काकू हसायला लागल्या. रविवारचं हसणं नव्हे ते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीच्या पाठीला धरून. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" तीन महिन्यांत घरात असा आवाज झाला नव्हता. हसू ओसरल्यावर त्यांनी जुना स्कूप उचलला, आणि मुठीवरच्या त्या गुळगुळीत जागेवर अंगठा ठेवला.

"नाहीच जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हाताने बर्फ कापला गेला, एवढं मी पाहिलंय," ते म्हणाले. "तुझ्या हाताचं मला माहीत नाही."

शनिवारी काकूंनी डबा खाली काढायला सांगितला. बदाम त्यांनी भाजले, घोटायचं काम काकांकडे आलं, आणि घोटताना त्यांना पंधरा चुका सांगितल्या गेल्या. वांधेकाकांचे वांधे काढणारं कोणी तरी पुन्हा घरात उभं होतं.

रविवारी लेक आली ती दुकानातले कप फ्रीजरमध्ये ठेवून मोकळी झाली. काकूंनी ते पाहिलं आणि ताटं मांडायला घेतली. जेवणं झाली. डबा टेबलावर आला. झाकण काढलं तेव्हा वर हिमाचा पातळ थर होता आणि काकांनी बोटाने टकटक केलं तर आवाज फरशीसारखा आला. जावई सवयीने अर्धवट उठला आणि काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसला.

काकूंनी स्कूप उजव्या हातात घेतला. बोटं पुरती मिटत नव्हती. "दाबायचं नाही, आपल्याकडे ओढायचं," काका म्हणाले. "माहितेय," काकू म्हणाल्या. त्यांनी कड टेकवली आणि थांबल्या. काहीच झालं नाही. लेकीने खाली बघितलं. काकांना वाटलं, आपण हे करायला नको होतं, हिला सगळ्यांसमोर पुन्हा एकदा हरायला बसवलं.

मग कड चमकली. काकूंनी हात आपल्याकडे ओढला, ओढला म्हणजे नुसता येऊ दिला, आणि त्या दगडावरून एक जाड वळी सावकाश उठली, स्वतःभोवती गुंडाळत आली आणि वाटीत गोल होऊन बसली. नातीचं तोंड उघडंच होतं. काकूंनी स्कूप कलता केला, गोळा काचेच्या वाटीत अलगद उतरला, आणि त्यांनी ती वाटी जावयासमोर सरकवली. कडेचं होतं. मग लेकीला मधलं. नातीसाठी त्यांनी डब्यात वाकून बदाम नसलेली जागा शोधली, पूर्वी शोधायच्या तशीच, ओठ मुडपून. काका बघत होते. आपण एवढी वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, आणि या हातातून काय काय येत होतं हे आपल्याला आज दिसतंय, असं त्यांना वाटलं.

चौथी वाटी काकांची. ती भरून झाल्यावर काकूंनी स्कूप खाली ठेवला आणि बोटं मिटून-उघडून पाहिली.

"काय झालं? दुखतंय?"

"दुखत नाही हो. गार पडलाय नुसता."

काकांनी हात लावून पाहिला. बोटांच्या टोकांपासून मनगटावरच्या टाक्यांच्या खुणांपर्यंत हात थंडगार होता. त्यातली ऊब कुठे गेली ते काकांना समोर दिसत होतं. चार वाट्यांमध्ये वाढून झाली होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण लोकांसमोर त्यांनी बायकोचा हात कधी धरला नव्हता. आता त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि लेक-जावयाच्या देखत घट्ट धरून ठेवला.

"अहो, सोडा. काय हे. तुमचं वितळतंय."

"वितळू दे."

काकूंनी हात सोडवून घेतला नाही. नातीची वाटी तेवढ्यात रिकामी झाली होती. तिने ती टेबलावरून पुढे ढकलली.

"आजी, अजून."

"थांब जरा," काका म्हणाले. "आजीचा हात गरम होऊ दे."